गळवाल्यांच्या वह्या आणि नदीचा मासा

आज सुरुवात जरा लांबून करतोय, पण येणार आहोत पैठणलाच.

रशियाच्या अगदी पूर्व टोकाला कामचत्का नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे 30च्या आसपास जागृत ज्वालामुखी आहेत. रस्ते नावालाच, त्यामुळे अनेक नद्यांवर हेलिकॉप्टरनंच जावं लागतं. या नद्यांमध्ये सॅमन मासे समुद्रातून अंडी घालायला वर चढतात. त्यांच्याबरोबर स्टीलहेड नावाचा एक मासा येतो. हा म्हणजे समुद्रात जाऊन वाढलेला रेनबो ट्राउट. तो तिथे संरक्षित आहे, त्याला मारायची बंदी. मग अभ्यास करायचा कसा?

1994मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गळवाल्यांना सोबत घेतलं. गळवाल्यानं मासा धरायचा, शास्त्रज्ञानं तो मोजायचा, चार खवले काढून घ्यायचे, खूण लावायची आणि मासा परत पाण्यात. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. मासा नदीत किती वर्षं राहिला, समुद्रात किती, अंडी घालायला किती वेळा परतला, हे त्यावरून वाचता येतं. म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास उभं राहायची ज्याला हौस आहे, त्याच्याच हातून शास्त्राचं काम झालं. आम्हाला ही कल्पना फार आवडते. कारण आपल्याकडेही ती घडली, फक्त जरा उशिरा आणि वाईट बातमी घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, इथे कुठला ज्वालामुखी? अहो, आपण बसलोय तोच लाव्ह्यावर! वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडात कोरलं, तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला लाव्हा आहे. याच काळ्या दगडात नद्यांनी डोह आणि कोंडी कोरल्या. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेत ना? उन्हाळ्यात धार आटते, तेव्हा मासा डोहात जीव धरून राहतो. पावसाळ्यात पूर आला की वर चढून अंडी घालतो. आपला महसीर हेच करतो. तो समुद्रात जात नाही, पण गळवाल्यांच्या लेखी त्याचा मान सॅमनपेक्षा कमी नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथे देवीचे म्हणून महसीर कुणी धरत नाही, उलट लोक त्यांना खायला घालतात.

या माशाला शास्त्रीय नाव दिलं कर्नल सायक्सनं. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडणारा हा माणूस. 1839मध्ये त्याच्या माशांच्या नोंदी छापून आल्या, चाळीसहून अधिक जातींच्या. गंमत अशी की त्यानं बरीच नावं इथल्याच लोकांच्या तोंडून उचलली. पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेला महसीर झाला ‘खुदरी’. शिंगटी, मळ्या, नकटा ही नावं लॅटिनच्या शेपटीला जाऊन बसली ती आजतागायत. भोयांची भाषा जगभरच्या संग्रहालयांतल्या बाटल्यांवर चिकटली, म्हणा ना.

पुढची गोष्ट मात्र नीट ऐका. धरणं आली, महसीर कमी झाला. 1970च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं वळवणच्या तलावाकाठी महसीरची पैदास सुरू केली. काम चिकाटीचं होतं, हेतू चांगला होता. ती पिल्लं दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. पण कावेरीला स्वतःचा महसीर होता. पाठीला कुबड, नारिंगी पर, वजन पन्नास किलोच्या घरात जाणारा.

कावेरीकाठी गळवाल्यांचे तंबू असत. मासा धरा, वजन करा, सोडा. त्या वह्यांमधून 1998 ते 2012 या काळातल्या सहा हजारांहून अधिक महसीरांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. दर तासाला गळाला लागणारे मासे वाढत होते. वरवर पाहिलं तर आनंदीआनंद! पण सरासरी वजन घटत चाललं होतं. वाढत होता तो आपला निळसर पराचा दख्खनी महसीर, आणि कुबडवाला नाहीसा होत होता. नुसते मासे मोजले असते तर नदी सुधारली असंच वाटलं असतं. कुबडवाल्याला कुठलं शास्त्रीय नाव लागू पडतं हे 2018मध्ये ठरलं: टॉर रेमादेवी. तोवर तो नष्ट होण्याच्या काठावर पोहोचला होता. वाळू उपसा, धरणं, सुरुंग लावून मासेमारी, ही कारणंही आहेतच. सगळं खापर पिल्लांवर फोडता येणार नाही. पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत टाकताना तिथे आधी कोण राहतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

पैठणच्या बाजारात आज पाटीत काय दिसतं? रोहू, कटला. दोन्ही मुळात उत्तरेकडच्या नद्यांचे, नाथसागरात बाहेरून आणून सोडलेले. गिऱ्हाईक त्यांनाच गोदावरीचा मासा म्हणतं. त्यात गिऱ्हाइकाची चूक नाही, आणि भोयांची तर नाहीच. त्यांचं पोट त्यावर आहे.

मागच्या पावसाळ्यात आम्ही सायक्सच्या यादीतली नावं घेऊन तिथे गेलो होतो. एका म्हाताऱ्या मावशींना ‘नकटा’ विचारला. त्या हसल्या, नाकावर बोट ठेवून खाच दाखवली आणि म्हणाल्या, “पोरी होते तवा खाल्लेला. आता कुठं!” आमच्या वहीतली पहिली नोंद हीच आहे. वजनाचा रकाना रिकामा आहे. येत्या रविवारी पहाटे पुन्हा जातोय. ज्यांना यायचं असेल त्यांनी वजनकाटा आणि एक कोरी वही आणावी.