बारा हजार दिरहम म्हणजे किती?

दुबईत राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराला वर्षातून दोन-तीनदा तरी एक फोन येतोच. कधी मामेभावाचा, कधी नणंदेच्या यजमानांचा, कधी जुन्या शेजाऱ्यांच्या जावयाचा. ख्यालीखुशाली होते, पावसाची चौकशी होते आणि मग हळूच मूळ विषय निघतो. "दुबईची ऑफर आलीये. बारा हजार दिरहम म्हणतायत. पुरतील का हो?"

'पुरतील' हे उत्तरही खरं आणि 'नाही पुरणार' हेही खरं. तीन हजारांत राहून गावी घर बांधणारी माणसं याच शहरात आहेत, आणि तीस हजार मिळवून क्रेडिट कार्डाचे हप्ते फेडत बसलेलीही आहेत. आपला अंक मंडळाबाहेर, पुण्या-नाशकातल्या नातेवाइकांपर्यंत जातो. म्हणून फोनवर तुकड्यातुकड्याने सांगते ते यंदा एकदा सलग लिहून काढते आहे. मी काही वर्षं शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे गणित फळ्यावर मांडून दाखवायची सवय अजून गेलेली नाही.

फोन करणाऱ्याने आमच्याशी बोलण्याआधी एक गुणाकार हमखास केलेला असतो. आज दिरहमामागे जवळपास 24 रुपये मिळतात, म्हणजे बारा हजारांचे झाले 2 लाख 88 हजार. वर आयकर नाही! हा आकडा एकदा डोळ्यांपुढे नाचला की पुढचं काही ऐकू येत नाही. पण 2014 साली दिरहम साधारण साडेसोळा रुपयांना होता. तेव्हा याच बारा हजारांचे दोन लाखांच्या आत-बाहेर झाले असते. मधल्या काळात पगार वाढला नाही, रुपया घसरला. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर चढला की तोही चढतो. इथलं घरभाडं, दूध आणि शाळेची फी मात्र दिरहमांतच द्यायची असते. रुपयांचा गुणाकार करायचाच, पण तो महिनाअखेरीला हातात उरलेल्या रकमेचा. आधी उरतं किती ते बघू.

सुरुवात घरापासून, कारण निम्मा पगार तिथेच जातो. नवरा, बायको आणि शाळेत जाणारं एक मूल असं कुटुंब धरू. अल नहदा किंवा अल कुसैसकडे एक बेडरूमचं घर वर्षाला 72,000 दिरहमांना मिळालं असं समजा. आपल्याकडे घरमालक दरमहा भाडं घेतो. इथे वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे. कुणी दोन चेक मागतो, कुणी चार, आणि चेक जितके कमी तितकं भाडं थोडं उतरतं. चार चेक ठरले तर पहिला 18,000 चा. त्यावर पाच टक्के डिपॉझिट म्हणजे 3,600. एजंटचे पाच टक्के, आणखी 3,600, आणि त्यावर व्हॅट. वीज-पाण्याचं डिपॉझिट फ्लॅटला 2,000. कराराची सरकारी नोंदणी वेगळी. तिला इथे 'इजारी' म्हणतात. आपल्या मराठीतला 'इजारा' याच अरबी कुळातला, हे कळल्यावर मला उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. बेरीज केली तर साडेसत्तावीस हजारांच्या आसपास जाते. सव्वादोन महिन्यांचा पगार, आणि घरात अजून गादीसुद्धा आलेली नाही. बिनफर्निचरच्या घरात बहुधा फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन यांतलंही काही नसतं.

त्यातून चेकबुक हवं तर बँकेत खातं हवं आणि खात्याला एमिरेट्स आयडी हवा. ते होईपर्यंतचे काही आठवडे हॉटेल अपार्टमेंटमध्ये किंवा कुणाच्या तरी हॉलमध्ये काढावे लागतात. म्हणून 'बारा हजार पुरतील का?' या प्रश्नाआधी मी उलट विचारते, "हातात चाळीस हजार दिरहम आहेत का? नसतील तर कंपनी घरासाठी आगाऊ रक्कम देईल का?" अनेक कंपन्या देतात आणि महिन्या-महिन्याने पगारातून कापून घेतात. पण ते सही करण्याआधी मागावं लागतं.

आता महिन्याचा हिशेब. हे आकडे आमच्या ओळखीच्या मध्यम राहणीच्या घरांवरून धरले आहेत, तुमचे शे-दोनशे इकडे-तिकडे होतील. बारा हजारांतून भाड्याचे 6,000 गेले. वीज-पाण्याचं बिल ज्या संस्थेकडून येतं तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'देवा' असा होतो. ('देवाचं बिल आलं' हा विनोद आपल्या मंडळात दर गणपतीला होतो, यंदाही झाला.) या बिलात वार्षिक भाड्याच्या पाच टक्के घरपट्टीही बारा हप्त्यांत वसूल होते. आपल्या उदाहरणात दरमहा 300. नव्याने आलेल्यांना हे पहिलं बिल बघेपर्यंत ठाऊक नसतं. प्रत्यक्ष वीज-पाणी आणि एसी मिळून सरासरी 500 धरा. जुलै-ऑगस्टात जास्त येईल. इंटरनेट आणि दोन मोबाइल, 400. किराणा, भाजी, दूध 1,600. मेट्रो-बस आणि अधूनमधून टॅक्सी, 400.

शाळा हा मोठा विषय आहे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा ब्रिटिश शाळांपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि दुबईतल्या खाजगी शाळांची इयत्तावार फी केएचडीए या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. तेव्हा ऐकीव माहितीवर विसंबू नका. तिथे दिसते ती फी. बस, पुस्तकं आणि गणवेश त्यावर. आपण सगळं मिळून महिन्याला 1,500 धरू. हा आकडा काटकसरीचा आहे. भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि परवडणाऱ्या शाळांत जागा लवकर भरतात. घर ठरवण्याआधी शाळा बघावी हे माझं ठाम मत, कारण शाळा लांबची मिळाली तर पोराचा रोजचा दीड-दोन तासांचा वेळ बसमध्येच जातो.

उरले 1,300. पण वर्षातून एकदाच येणारे खर्चही महिन्यावर वाटून घ्यायला हवेत. दुबईत नोकरदाराचा आरोग्य विमा कंपनीने काढायचा असतो. बायको-मुलांचा ज्याच्या व्हिसावर ते आले आहेत त्याने काढायचा, कंपनी देत असेल तर उत्तमच. त्याचे महिन्याला 200. तिघांच्या भारतवारीचे 375. आपल्या मुलांच्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टात, आणि विमानकंपन्यांनाही त्या तोंडपाठ आहेत. हे गेल्यावर उरतात 725 दिरहम. आता करा गुणाकार. 17,400 रुपये.

यात कार नाही. कार आली की हप्ता, विमा, पेट्रोल, पार्किंग आणि सालिकचा टोल, जो वेळेनुसार दर खेपेला 4 किंवा 6 दिरहम पडतो. बाहेरचं जेवण नाही, आजारपणात विम्याने न दिलेली रक्कम नाही, कुणाच्या मुंजीचा आहेर नाही. 'मग शारजात राहा, भाडं कमी आहे' असा सल्ला मिळेल. भाडं कमी आहे हे खरं. पण नोकरी दुबईत असेल तर अल इत्तिहाद रोडवर सकाळ-संध्याकाळ जे तास जातात, तेही मोजा. ज्याचं ऑफिस कुसैसमध्ये आहे त्याला ते जमतं. जेबेल अलीला जाणाऱ्याने विचार करावा.

आता पुण्याच्या बाजूचा हिशेब. समजा नवऱ्याच्या हातात कर कापून 1 लाख 10 हजार येतात. बायको शाळेत शिकवते, तिचे 42 हजार. एकूण 1 लाख 52 हजार. घरखर्च 70 हजार, फ्लॅटचा हप्ता 32 हजार. शिल्लक 50 हजार, शिवाय भविष्यनिर्वाह निधीत साठतं ते वेगळं.

दुबईची ऑफर आली की तुलना होते ती त्याच्या एक लाख दहाची आणि दोन लाख अठ्ठ्याऐंशीची. तिचे 42 हजार या गणितात कुणी लिहीतच नाही. ती राजीनामा देणार हे इतकं गृहीत असतं की पाटीवर मांडायच्या आधीच तो आकडा पुसला जातो. फोनवर मी "वहिनींचा पगार किती?" असं विचारलं की पलीकडे क्षणभर शांतता होते. मग "तिचं काय, ती येईल की" असं उत्तर येतं. अहो, ती येईल हो! पण तिचा पगार येणार नाही, आणि तुमच्या फ्लॅटचा हप्ता त्यातूनच तर जात होता.

पुण्याइतकीच, हप्ता भागवून 50 हजारांची शिल्लक इथे पाडायची, तर महिन्याला 82 हजार रुपये बाजूला पडले पाहिजेत. म्हणजे सुमारे 3,400 दिरहम. खर्च आपण 11,275 काढला होता. बेरीज जाते पावणेपंधरा हजारांच्या जवळ. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला तर सात-आठशे दिरहमांचा भार हलका होईल. तरीही बारा हजारांत हे घर आहे त्या जागेवरसुद्धा राहत नाही, मागे जातं.

याच गणिताची दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. बाराचे पंधरा हजार झाले तर पगार वाढला पंचवीस टक्क्यांनी. शिल्लक मात्र 725 वरून 3,725 वर, म्हणजे पाचपट झाली, कारण भाडं, फी, किराणा आधीच भागलेले असतात. म्हणून 'मिळतंय तेवढं घेऊ, तिथे गेल्यावर वाढेल' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. तुमच्या गरजेचा आकडा कंपनीला सांगायचा तो सही करण्यापूर्वी.

ऑफर लेटरमधला एकूण आकडा सगळे बघतात. त्याच्या पोटातला बेसिक पगारही बघा. इथे परदेशी नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी. किमान एक वर्ष झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा आणि पुढे 30 दिवसांचा बेसिक पगार. बारा हजारांत बेसिक 4,000 असेल तर पाच वर्षांचे 14,000 दिरहम होतात. बेसिक 7,000 असेल तर 24,500. दरमहा हातात पडणारी रक्कम दोन्हींत तीच. बेसिक वाढवून मागायला कंपनीचा महिन्याचा खर्च वाढत नाही, त्यामुळे ते कधीकधी मान्यही होतं.

आणखी दोन गोष्टी पत्रातच लिहून घ्या. कुटुंबाचा व्हिसा आणि विमा कोण भरणार, आणि वर्षाचं तिकीट एकट्याचं की सगळ्यांचं. तुमच्या स्वतःच्या भरतीचा आणि व्हिसाचा खर्च तुमच्याकडून वसूल करायला इथल्या कायद्याने मनाई आहे. तसं कुणी मागितलं तर ती ऑफर तिथेच ठेवावी. आणि 4,000 दिरहम पगारावर, किंवा 3,000 आणि राहायला जागा असली तर, कुटुंबाचा व्हिसा मिळतो असं कुणी सांगेल. नियम तसाच आहे. पण व्हिसा मिळणं वेगळं आणि महिना भागणं वेगळं.

नवऱ्याने आधी एकट्याने यावं का? मला वाटतं, यावं. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात कंपनी चौदा दिवसांच्या नोटिशीवर नोकरी संपवू शकते. एवढ्या अनिश्चित काळात बायकोने हातची नोकरी सोडून, मुलाला चालू वर्षातून काढून यायची घाई कशाला? शेअरिंगच्या खोलीत सहा महिने निघतात. तिला बिनपगारी रजा मिळाली तर सोन्याहून पिवळं. सासूबाईंना हे आवडत नाही, 'संसार म्हणजे दोन गावांना दोन चुली का?' असं त्या म्हणतात. त्यांचंही चूक नाही, ते सहा महिने कठीणच असतात.

आम्ही आलो तेव्हा मी नोकरी सोडली, ती दोघांनी कागद-पेन घेऊन बसून, माझ्या पगाराचा आकडा लिहून मगच. मुलं लहान आहेत तोवर घरी राहायचं हेही तेव्हाच ठरलं. त्यामुळे आज त्याची रुखरुख नाही. पण मंडळात अशा कितीतरी जणी आहेत, कुणी एम.एस्सी., कुणी बी.एड., ज्यांना इथे काम करायचं आहे आणि ज्यांच्या पगाराने घराचं गणित सरळ सुटलं असतं. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला इथे नोकरी करता येते. परमिट नव्या मालकाने काढायचं असतं. अडतं ते बहुधा कागदांवर. पदवीवर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का लागतो, आणि इथे आल्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. नवरा स्वतःच्या पदवीचं हे सगळं करून येतो. लग्नाच्या दाखल्याचंही करतो, कारण त्याशिवाय कुटुंबाचा व्हिसा निघत नाही. त्याच फेरीत, त्याच एजंटकडे वहिनींची पदवी आणि शाळेचं अनुभवपत्रही द्या. इथून मूळ कागद कुरियरने पाठवून, पुण्यातल्या भावाला हेलपाटे घालायला लावून तेच काम करणाऱ्या दोघीजणी या घडीला माझ्या बिल्डिंगमध्येच आहेत.