बडोद्याचे कलाभवन

सन १८९० मध्ये पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने औद्योगिक परिषद भरली आणि देशी उद्योगधंद्यांच्या ऱ्हासाची कारणे विद्वज्जनांच्या विचारार्थ मांडली गेली. त्याच वर्षी बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या आज्ञेने कलाभवन ही संस्था उघडली, आणि जो प्रश्न पुण्यात व्यासपीठावरून चर्चिला जात होता, त्याचे उत्तर बडोद्यात रंगाच्या कुंड्या, माग व यंत्रे मांडून शोधण्यास प्रारंभ झाला. तत्पूर्वी धंदेशिक्षणाचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नव्हते असे नाही. पुण्याची इंजिनीअरिंगची शाळा १८५४ सालीच निघाली होती. परंतु तिचा मूळ हेतू सरकारी बांधकाम खात्यास हाताखालचे शिकलेले नोकर पुरवावेत एवढाच होता. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली स्थापन झाली, आणि तिने गिरण्यांच्या त्या नगरीस फार मोलाची माणसे दिली. कलाभवनाचा उद्देश याहून निराळा होता, आणि म्हणूनच त्याचा परिचय करून देणे मला अगत्याचे वाटते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसलेल्या आणि १८८१ साली राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतलेल्या सयाजीरावांनी शिक्षणाकडे केवळ दानधर्माच्या दृष्टीने कधीच पाहिले नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून पुढे १९०६ साली ते सबंध संस्थानास लागू करणाऱ्या या राजाला, रयतेचा मुलगा लिहू-वाचू लागल्यावर पुढे काय करील, हा प्रश्नही तितकाच निकडीचा वाटत होता. त्या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर होते असा मनुष्य त्यांच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत होता.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे. त्यांचा जन्म १८६३ चा, घराणे सुताराचे. मुंबईच्या विद्यापीठातून रसायनशास्त्राची उच्च पदवी संपादन केलेल्या या तरुणाने वडिलोपार्जित कसबाची लाज कधी बाळगली नाही. उलट ज्या हातांनी लाकूड घडविले जाते किंवा कापड रंगविले जाते, त्या हातांना आपण काय करीत आहोत याचे ज्ञान मिळाले तर देशाचे दैन्य हटेल, या श्रद्धेने त्यांनी कलाभवनाची तजवीज केली आणि त्याचे पहिले प्राचार्यपद स्वीकारले.

ही श्रद्धा कोणत्या संकटातून जन्मली, ते रंगाऱ्याच्या धंद्याकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते. पिढ्यान्‌पिढ्या आपला रंगारी कापडास हिरड्याचे पाणी देई, मग तुरटीत बुडवी आणि शेवटी आलीच्या किंवा मंजिष्ठेच्या मुळांच्या काढ्यात उकळून त्यावर पक्का तांबडा रंग चढवी. तुरटीऐवजी लोखंडाचा क्षार घेतला तर तोच काढा काळसर छटा देतो, हेही त्याला अनुभवाने ठाऊक होते, मात्र असे का होते हे सांगण्यास त्याच्यापाशी शास्त्र नव्हते. तिकडे १८५६ साली इंग्लंडात पर्किनने दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला, १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत घडविले, आणि १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. शेतात वाढणाऱ्या मुळांना ज्या रंगासाठी वर्षे लागत, तो रंग डब्यात भरून बंदरावर उतरू लागला. वाडवडिलांचे ज्ञान एका पिढीत निरुपयोगी ठरण्याची ती वेळ होती, आणि अशा वेळी नव्या रंगांना शिव्याशाप देणे सोपे होते. गज्जरांनी तो मार्ग पत्करला नाही. ज्या रसायनाने रंगाऱ्याची भाकर हिरावली जात होती, ते रसायनच त्याला शिकवावे, डब्यावरच्या विदेशी चिठ्ठीचा अर्थ त्याला कळावा, कोणता रंग कोणत्या धाग्यावर कोणत्या क्षाराने बसतो हे त्याने स्वतः पडताळून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. रंगकामाला वाहिलेले ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिकही त्यांनी चालविले. कारागिराविषयीचा इतका सक्रिय आदर त्या काळी फार थोड्या पदवीधरांनी दाखविला असेल.

रंगकाम व रसायन, विणकाम, यंत्रविद्या, स्थापत्य, चित्रकला अशा शाखा कलाभवनात एका छत्राखाली नांदत होत्या. परंतु संस्थेची खरी थोरवी तिच्या शिकविण्याच्या भाषेत होती. इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडणाऱ्या मुलासाठी विज्ञानाचे दार बंद राहू नये म्हणून येथील अध्यापनात देशी भाषांना मानाचे स्थान मिळाले; आणि नुसता निर्धार करून भागत नाही, पुस्तके लागतात, हे ओळखून महाराजांनी दरबारच्या खजिन्यातून द्रव्य मंजूर केले व गज्जरांच्या देखरेखीखाली ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही शास्त्रीय ग्रंथांची माला हाती घेण्यात आली. कारागिराच्या मुलाला आधी परकी भाषा आणि मग धंदा शिकविणे म्हणजे त्याच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे वाया घालविणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे; ज्यांनी हे १८९० मध्येच जाणले, त्यांच्यापुढे मी नतमस्तक होतो.

या वास्तूत आलेल्या विद्यार्थ्यांत त्र्यंबकेश्वरचा एक तरुण होता, धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्यास येऊन त्याने तैलचित्र व जलरंग यांचा अभ्यास पुरा केला, स्थापत्य आणि मूर्तिकाम यांत गती मिळविली, छायाचित्रणाचा नाद धरला. गज्जरांनी त्याची कुवत ओळखून तिरंगी ठसे तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी त्याला रतलामला धाडले. सन १९१३ मध्ये त्याचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा नेपथ्य, फिल्म धुणे व छापणे ही निरनिराळी कामे एकाच मनुष्याने पेलली याचे लोकांस आश्चर्य वाटले. जेथे चित्रकार आणि रसायनज्ञ शेजारशेजारच्या दालनांत काम करीत होते, तेथे घडलेल्या मनुष्याच्या ठायी ही बहुविधता यावी, यात मला तरी संगतीच दिसते.

गज्जर पुढे बडोदे सोडून मुंबईस विल्सन कॉलेजात गेले. तेथे स्वतःची रसायनशाळा काढून त्यांनी मोत्यांवर चढलेला पिवळेपणा घालविण्याची कृती सिद्ध केली. राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यावर चाफेकर बंधूंनी ओतलेले डांबर काढण्याचे कामही त्यांनीच यशस्वी केले. कलाभवन त्यांच्या पश्चात चालू राहिले, वाढले, आणि १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेच्या रूपाने त्यात विलीन झाले. या विलीनीकरणाने विद्यार्थ्यांना पदवी मिळाली, देशभर मान्यता मिळाली, हा लाभ लहान नव्हे. तथापि विद्यापीठाच्या पदवीसाठी प्रवेशपात्रतेची जी पायरी चढावी लागते, तिच्या खालीच राहणाऱ्या रंगाऱ्याच्या, लोहाराच्या मुलासाठी मूळ संस्थेने जी जागा राखली होती, ती तितक्या मोकळेपणाने पुढे राहणे कठीण होते, आणि ही हानी मला मनापासून सलते.

मात्र गज्जरांनी पेरलेल्या विद्येला बडोद्यातच एक फळ आले. कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन या आपल्या शिष्यांच्या सहकार्याने त्यांनी १९०७ साली ॲलेम्बिक केमिकल वर्क्स या कारखान्याचा पाया घातला, आणि जी औषधी टिंक्चरे व जे मद्यार्क तोवर परदेशातून मागवावे लागत, ते देशी रसायनज्ञांच्या हातून येथे तयार होऊ लागले.