आधी टेप, मग चष्मा

चष्म्याच्या दुकानात ‘कॉम्प्युटरचा चष्मा हवा’ असे म्हटले की काउंटरवर बहुधा ‘ब्लू कट’ काच येते. दुकानदार छोट्या टॉर्चचा निळा-जांभळा झोत काचेवर मारतो, तो पलीकडे पोचत नाही हे दाखवतो आणि गिऱ्हाइकाची खात्री पटते. या सगळ्यात एक प्रश्न मात्र राहून जातो. तुमची स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब असते? चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत कॉम्प्युटरचा चष्मा बरोबर की चूक हे याच उत्तरावर ठरते. काचेचा रंग, लेप, कंपनी या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

चष्म्याचा नंबर म्हणजे डायॉप्टर, आणि त्याचे गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे. एकाला मीटरमधल्या अंतराने भागायचे. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरले तर डोळ्याला २.५ डायॉप्टरचे काम पडते. टेबलावरची स्क्रीन सुमारे ६६ सेंटिमीटरवर असेल तर दीड, मांडीजवळ ओढलेला लॅपटॉप ५० वर असेल तर दोन, आणि मोबाइल ३३ सेंटिमीटरवर धरला तर तीन. तरुणपणी हे काम डोळ्यातले भिंग स्वतःच फुगून करते. शाळकरी वयात त्याच्याकडे १२ ते १४ डायॉप्टरची ताकद असते. पुढे भिंग ताठर होत जाते, चाळिशीच्या पहिल्या काही वर्षांत ही ताकद पाचच्या आसपास येते आणि साठीत नाममात्र उरते. शिवाय सगळी ताकद सतत वापरता येत नाही. साधारण निम्मी शिलकीत राहिली तरच तासन्‌तास वाचता येते. पाचाचे निम्मे अडीच, म्हणजे नेमके ४० सेंटिमीटरचे काम. वर्तमानपत्र लांब धरण्याची सवय याच वयात का लागते, ते यावरून कळावे.

खरी अडचण या पहिल्या टप्प्यात येत नाही. पंचेचाळिशीत वाचायला प्लस १ किंवा सव्वा नंबर पुरतो, आणि या काचेतून एक मीटर किंवा ८० सेंटिमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. स्क्रीन त्या पट्ट्यात आरामात बसते, म्हणून वाचनाचाच चष्मा दोन्हीकडे चालून जातो. बावन्नच्या आसपास वाचनाचा नंबर दोनवर पोचला की मात्र काचेची पलीकडची हद्द ५० सेंटिमीटरवर येते, आणि अडीच झाला की ४० वर. पुस्तक उत्तम दिसते आणि ६६ सेंटिमीटरवरची स्क्रीन हद्दीबाहेर जाते. माणूस नकळत पुढे वाकतो, पाठीला बाक येतो आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. त्याचे खापर खुर्चीवर फुटते. सहकारी बँकेतला अधिकारी असो की डीटीपी करणारा ऑपरेटर, दिवसभर एक नजर कागदावर आणि एक स्क्रीनवर ठेवणाऱ्याला हा त्रास सर्वात जास्त.

दूरचा मायनस नंबर असलेल्यांचे गणित थोडे वेगळे आणि कधी कधी फायद्याचे असते. ज्याचा नंबर मायनस दीड आहे, त्याला पन्नाशीनंतर चष्मा काढला की ६६ सेंटिमीटरवरची स्क्रीन आपोआप स्पष्ट दिसते. त्याने स्क्रीनसाठी चष्मा घेतलाच नाही तरी चालेल, फक्त दोन्ही डोळे सारखे असावेत आणि सिलिंडरचा, म्हणजे दृष्टिवैषम्याचा, नंबर नसावा. मायनस तीनवाल्याला चष्मा काढून मोबाइल दिसेल, स्क्रीन नाही. त्याला दूरच्या नंबरात सुमारे सव्वा मिळवून मायनस पावणेदोनचा वेगळा चष्मा लागेल.

यावर पहिला आक्षेप असा येतो की प्रोग्रेसिव्ह काच असताना हा खटाटोप कशाला? त्या एकाच काचेत दूरचे, मधले आणि जवळचे सगळे असते. आक्षेप निम्मा बरोबर आहे. फ्रान्समध्ये बर्नार मेतेनाझ यांनी घडवलेली ‘व्हॅरिलक्स’ ही काच १९५९ मध्ये बाजारात आली आणि बायफोकलची रेघ गेली. रस्ता, दुकान, जेवणाचे ताट अशा फिरत्या नजरेसाठी तिला तोड नाही. पण तिच्यात मधल्या अंतराला मिळतो तो एक अरुंद पट्टा, आणि हा दोष कुठल्या कंपनीचा नाही, भूमितीचा आहे. १९६३ मध्ये गणितज्ञ मिंकविट्झ यांनी दाखवले की काचेत वरून खाली नंबर ज्या वेगाने बदलतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला विकृती वाढते. म्हणजे वाचनाचा नंबर जितका मोठा, तितका मधला पट्टा निमुळता. २४ इंची स्क्रीनची रुंदी ५३ सेंटिमीटर असते, तेव्हा ओळ वाचताना डोळ्याऐवजी मान फिरवावी लागते. शिवाय हा पट्टा बाहुलीच्या खाली असतो आणि स्क्रीन समोर, म्हणून हनुवटी वर करावी लागते. दिवसातून वीस मिनिटे ईमेल बघणाऱ्याने प्रोग्रेसिव्हवरच भागवावे. सहा-आठ तास बसणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

त्याच्यासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे फक्त स्क्रीनच्या अंतराची एकनंबरी काच. ती स्वस्त आणि रुंद, कडेपर्यंत स्पष्ट. दुसरी ऑफिस लेन्स. तिच्यात खाली वाचनाचा पूर्ण नंबर असतो आणि वर जाताना तो कमी होतो. दूरचे दाखवायचा हट्ट नसल्यामुळे बदल कमी आणि पट्टा रुंद. कागद आणि स्क्रीन दोन्ही सांभाळणाऱ्याला माझ्या मते हीच योग्य. दुकानात एक ठोकताळा चालतो, की वाचनाच्या नंबराचा निम्मा तो कॉम्प्युटरचा. बावन्नाव्या वर्षी, ६६ सेंटिमीटरवर तो जमतो. वाचनाच्या अडीचपैकी दोन चष्मा देतो आणि अर्धा डोळा, तसेच इथे दीडपैकी एक चष्म्याने द्यायचा. त्याच माणसाने ५० सेंटिमीटरवरचा लॅपटॉप घेतला की दीड नंबर लागतो आणि ठोकताळा अर्ध्या डायॉप्टरने चुकतो.

कामाच्या अंतराचा चष्मा किती फरक करतो याचा एक चांगला पुरावा कॉम्प्युटरपासून फार लांबचा आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या पाने खुडणाऱ्या मजुरांना जवळचा चष्मा दिल्यावर त्यांची दिवसाची खुडणी, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने छापला. चष्मा साधाच होता, पण हाताच्या अंतराचा.

मग ब्लू कट? वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यातून निघाले ते असे की डोळ्यांचा शीण कमी करण्यात अशा काचा, निदान थोड्या मुदतीत, साध्या काचांहून सरस ठरत नसाव्यात. ब्रिटनमध्ये बूट्स ऑप्टिशियन्स या साखळीला निळ्या प्रकाशाबद्दलच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१७ मध्ये ४० हजार पौंडांचा दंड झाला. तरी ‘मला त्याने बरे वाटते’ असे म्हणणारे भेटतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. बहुधा त्या निमित्ताने नंबर तपासला गेला असतो, अर्ध्या-पाऊण नंबरचा दुर्लक्षित सिलिंडर सुधारला असतो, आणि श्रेय निळ्या झाकेला मिळते. डोळ्यांच्या चुरचुरीचे तर वेगळेच कारण असते. एका जपानी पाहणीत निवांत बसलेली माणसे मिनिटाला २२ वेळा पापण्या मिटत होती, स्क्रीनसमोर फक्त ७ वेळा. तो कोरडेपणा कुठलीही काच घालवत नाही. पंख्याचा झोत चेहऱ्यावरून हटवणे, स्क्रीन नजरेच्या थोडी खाली ठेवणे, मधूनमधून खिडकीबाहेर बघणे, हे फुकटचे उपाय जास्त उपयोगी.

घरोघरी ऐकू येणारी भीती अशी की वेगवेगळे चष्मे लावले की नंबर वाढतो. नंबर वाढतो तो भिंग ताठर झाल्यामुळे, चष्मा लावा किंवा लावू नका. आणखी एका चष्म्याचा खर्च हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर तोडगा असा की जुन्या, सुस्थितीतल्या फ्रेममध्ये एकनंबरी काच बसवून घ्यावी. ब्लू कटचे जादा पैसे वाचले तर परावर्तन टाळणाऱ्या लेपावर घालावेत. पदपथावरचा तयार चष्मा चालेल का? दोन्ही डोळ्यांना एकच नंबर, सिलिंडर नाही आणि बाहुल्यांमधले अंतर कोणा सरासरी माणसाचे. ज्याचे डोळे तसेच आहेत त्याचे निभेल, पण आधी तपासून घ्यावे.

तेव्हा डोळे तपासायला जाण्यापूर्वी शिवणाची टेप घ्या, नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखे बसा आणि घरातल्या कोणाला तरी डोळ्याच्या कोपऱ्यापासून स्क्रीनपर्यंत मोजायला सांगा. लॅपटॉप, मोबाइल, टेबलावरचा कागद यांचीही मापे घ्या आणि आकडे लिहून सोबत न्या. ‘कॉम्प्युटरवर काम करतो’ एवढे सांगून भागत नाही. नवा चष्मा मिळाला की तो टेबलाच्या खणातच ठेवा. प्लस सव्वाच्या काचेतून ८० सेंटिमीटरच्या पुढचे धूसर होत जाते, त्यामुळे तो नाकावर ठेवून जिना उतरू नका आणि दुचाकी तर मुळीच चालवू नका.