वावरातलं पाणी, नदीतली मासळी



हिंगणघाटला वणा नदीच्या काठी उभं राहिलं तर समुद्राची आठवण कोणाला होणार? समुद्र शेकडो कोस दूर. पण पाण्याला आपली वाट बरोबर ठाऊक असते. आपल्या वावरातलं पाणी नाल्यात जातं, नाला वणेला मिळतो, वणा वर्धेला. पुढे वर्धा आणि वैनगंगा एक होऊन त्यांची प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. आणि गोदावरी आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. त्या फाट्यांमधल्या गाळाच्या सखल मुलखाला त्रिभुज प्रदेश म्हणतात.

तिथे कोरिंगा नावाचं खारफुटीचं मोठं जंगल आहे. त्या झाडांच्या मुळांत झिंगे, खेकडे आणि मासळीची पिल्लं वाढतात. हजारो कोळी कुटुंबांची चूल त्यावर पेटते. पुलसा नावाचा मासा पावसाळ्यात अंडी घालायला समुद्रातून गोदावरीत चढतो. गोदावरीचा मोठा झिंगा राहतो गोड पाण्यात, पण त्याच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणीच लागतं. म्हणजे वरची नदी आणि खालचा समुद्र यांचा संसार एकच आहे.

नुकसान कुठे सुरू होतं?

एका वावरातलं औषध समुद्रापर्यंत पोचेस्तोवर पातळ होतं, हे खरं. पण आधी मरतो तो आपल्या शिवारातला नाला आणि खालचा डोह. आणि अशा हजारो नाल्यांची मिळूनच गोदावरी होते.

आता वेळ कशी जुळते ते पहा. रोहू, कतला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं, गढूळ पाणी लागतं. म्हणून जुलै-ऑगस्ट हा त्यांचा विणीचा काळ. रोहूची मादी वजनाच्या एका किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. ही अंडी पाण्याबरोबर वाहत जातात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. पिल्लं इतकी नाजूक, की थोडंसं औषधही त्यांना सोसत नाही.

आणि नेमक्या ह्याच दिवसांत आपण पऱ्हाटीला युरिया देतो, तुडतुडे-माव्यासाठी पंप पाठीवर घेतो. त्या रात्री जोराचा पाऊस झाला की औषध, खत आणि वरची सुपीक माती, तिन्ही नाल्यात. एंडोसल्फान मासळीला फार घातक होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर बंदी घातली. पण सायपरमेथ्रिनसारखी औषधंही मासळीला तेवढीच जहाल आहेत. युरियामुळे पाण्यात शेवाळ माजतं. रात्री ते पाण्यातला प्राणवायू खातं. मग पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात. माती डोहात बसते आणि डोह बुजला की उन्हाळ्यात मासळीला आसरा राहत नाही.

नुकसान कोणाचं?

पहिलं आपलं. वाहून गेलेल्या युरियाचे पैसे आपण मोजलेले असतात. दुसरं आपल्याच गावच्या भोई आणि ढिवर बांधवांचं. त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेऊन मत्स्यबीज सोडतात. नदीची मासळी मात्र नदीनेच जन्माला घालायची असते. एका पुरातली पिल्लं मेली, तर पुढच्या हंगामात त्यांचं जाळं रिकामं येतं. आपल्याला दुबार पेरणी तरी करता येते. नदीला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते.

आपण काय करावं?

१. पेरणी उताराला आडवी करा. धुरे नीट ठेवा. पाणी वावरातच मुरलं तर पिकालाही फायदा.

२. नाल्याच्या कडेला आठ-दहा फुटांचा पट्टा नांगरू नका. तिथे मारवेल किंवा वाळा वाढू द्या. माती अडते आणि मारवेलाचा चारा बैलांना होतो.

३. युरिया एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या आणि मातीत झाका.

४. तुडतुडे दर पानामागे दोन-तीन दिसल्याशिवाय फवारू नका. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरा: पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर द्रावण करा.

५. फवारणीआधी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐका. पावसाची चिन्हं असतील तर थांबा.

६. पंप नाल्यात किंवा नदीवर धुऊ नका. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता. रिकामा डबा भोकं पाडून निकामी करा. घरात तो कशालाही वापरू नका.

७. उन्हाळ्यात मोटार लावून डोह तळापर्यंत उपसू नका. हात-दोन हात पाणी राहू द्या. मासळीचं बीज तेच.

८. पुराच्या पाण्यात मच्छरदाणी लावून पिल्लं धरू नका, पोरांनाही समजावा.

आणखी एक. काही ठिकाणी पाण्यात औषध टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारतात. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून हा गुन्हा आहे. असे मासे खाणाऱ्याच्या जिवालाही धोका. कोणी करताना दिसलं तर ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना कळवा.

येत्या हंगामाआधी एवढं करा. एकदा नाल्याच्या काठाने चालत जा आणि आपल्या वावराचं पाणी कुठून उतरतं ते पहा. जमल्यास गावच्या एखाद्या जुन्या ढिवर काकांना सोबत घ्या. मासळी पूर्वी कुठे चढायची, कोणता डोह बुजला, हे ते दाखवतील. तेवढ्या पाहण्यातून बांध कुठे घालायचा हे आपल्यालाही उमगेल.