झुंजारनंतर काय वाचाल?

मैत्रिणींनो, बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड वाचून झाले, आता काय, असं गटात विचारलं जातं. आम्ही सांगतो, मिस मार्पल वाचा. इंग्लंडच्या अगाथा ख्रिस्ती यांची ही म्हातारी. तिची पहिली कादंबरी १९३० साली आली. खेड्यात एकटी राहते, विणकाम करते. ना पिस्तूल, ना मारामारी. गावात कोण कसं वागतं, हे तिनं जन्मभर पाहिलंय. संशयित माणूस तिला गावातल्याच कुणासारखा वाटतो, तिथंच धागा सापडतो. बाईच्या ज्या नजरेला आपल्याकडे चोंबडेपणा म्हणतात, ती इथं पोलिसांच्याही पुढं जाते. ख्रिस्तींची पुस्तकं मराठीत आली आहेत, वाचनालयात मागा. परकी नावं गोंधळात टाकतात. एकीनं मोठ्यानं वाचावं, दुसरीनं नावं लिहावीत. शेवटचं पान मात्र आधी उघडायचं नाही हं!