पावणेदहा चौरस किलोमीटरचं प्रजासत्ताक

शाळेत असताना जगातल्या सर्वांत लहान देशांची यादी आपण सगळ्यांनी पाठ केलेली असते. व्हॅटिकन सिटी, अर्ध्या चौरस किलोमीटरचंही नाही. मोनॅको, दोन चौरस किलोमीटर. सॅन मरिनो, ६१ चौरस किलोमीटर. या आकड्यांचं तेव्हा फार नवल वाटतं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे अख्खा लक्झेंबर्ग देश त्यात साडेसहा वेळा मावेल. याच जिल्ह्यात, नगर शहराच्या पश्चिमेला, पारनेरच्या बाजूला डोंगरांच्या कुशीत एक गाव आहे. त्याचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, म्हणजे पावणेदहा चौरस किलोमीटर. जवळजवळ पाच मोनॅको त्यात बसतील. गावाचं नाव हिवरे बाजार. इथल्या ग्रामपंचायतीच्या इमारतीला गावकरी ‘ग्रामसंसद’ म्हणतात. हा शब्द किती नेमका आहे, हे या गावाचा भूगोल आणि अर्थकारण नीट पाहिलं की उमगतं.

आधी जमीन पाहू. सह्याद्रीचा घाटमाथा पाऊस अडवतो आणि त्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा सुरू होतो. हिवरे बाजार त्याच पट्ट्यात येतं. इथे वर्षाला पाऊस पडतो ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मोजक्या दिवसांत, धो धो. गावाच्या भोवती डोंगर आहेत. उतारावर पातळ मुरमाड माती आणि तिच्याखाली दख्खनचा काळा कातळ. हा कातळ पाणी पिणारा नाही. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, तेही थोडंच. डोंगरावर झाड नसेल, गवत नसेल तर पडलेला पाऊस तासाभरात माती घेऊन खाली उतरतो आणि शिवाराबाहेर निघून जातो.

हिवरे बाजारचं हेच झालं होतं. हे एके काळी पहिलवानांचं गाव म्हणून ओळखलं जाई. पुढे डोंगर उघडे पडले, १९७२ चा दुष्काळ आला आणि गावाची घडी विस्कटली. विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवू लागल्या. माणसं पुण्या-मुंबईकडे मजुरीला गेली. मागे राहिलेल्यांत दारूच्या भट्ट्या वाढल्या, भांडणं वाढली. सरकारी नोकराची इथे बदली झाली तर ती शिक्षा समजत.

१९८९ च्या निवडणुकीत गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंच केलं. ते गावातले पहिले पदव्युत्तर पदवीधर आणि चांगले क्रिकेटपटू. शेजारच्या पारनेर तालुक्यात अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीचं उदाहरण डोळ्यांसमोर होतंच. पुढे १९९४ मध्ये राज्याच्या आदर्श गाव योजनेत हिवरे बाजार आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही त्या योजनेची पंचसूत्री. डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले. त्याखाली दगडी बांध, माती बांध, नाल्यांवर बंधारे, पाझर तलाव, असं माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं. बावन्न माती बांध, बत्तीस दगडी बांध, नऊ बंधारे आणि दोन पाझर तलाव ही त्या कामांची मोजदाद.

चराईबंदी ऐकायला कठोर वाटते, पण तिचा अर्थ गुरं उपाशी ठेवणं असा नव्हता. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत. विळ्याने गवत कापून न्यायचं. गुराच्या खुराने आणि दाताने गवताचं मूळ उपटलं जातं; विळ्याने कापलं तर मूळ राहतं, पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. इतक्या साध्या गोष्टीने चाऱ्याचं उत्पन्न १०० टनांवरून काही वर्षांत हजारो टनांवर गेलं. चारा आला तशी जनावरं आली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावात दिवसाला दीडशे लिटर दूध निघत होतं, ते पुढे चार हजार लिटरच्या घरात गेलं. दुष्काळी गावाच्या घरात रोजचा पैसा आणला तो या डोंगरावरच्या गवताने. बंधाऱ्यांचं कौतुक सगळेच करतात, विळ्याचं कुणी करत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आता या गावाचं सर्वांत मोठं नवल. हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. गावात पर्जन्यमापक आहेत, निरीक्षण विहिरी ठरवलेल्या आहेत. पावसाळा संपला की पडलेल्या पावसाचा आणि विहिरींतल्या पातळीचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग शेतीचं, आणि पुढच्या वर्षासाठी जमिनीत ठेवायचं. उरलेल्या पाण्यावर यंदा रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी असेल तर ज्यादा पाण्याची पिकं त्या वर्षी शिवारात येत नाहीत.

हा हिशेब कुणालाही करता येतो. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. मग ९७६ हेक्टरांवर ४०० मिलिमीटर म्हणजे सुमारे ३९० कोटी लिटर. गावची लोकसंख्या साधारण तेराशे धरली आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं, तर वर्षाला लागतात जेमतेम २ कोटी ६० लाख लिटर. म्हणजे गावावर पडणाऱ्या दीडशे थेंबांपैकी एक थेंब माणसांना पुरतो. तरीही या गावाने टँकरची वाट पाहिली! यातलं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, झाडं-पिकं पितात, काही वाहून जातं हे खरं. पण तहानेचं कारण आकाशापेक्षा जमिनीवर जास्त होतं.

आणि हाच आकडा दुसरंही सांगतो. एक हेक्टर ऊस पिकायला साधारण दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे एका शेतकऱ्याने एक हेक्टर ऊस लावला की तो गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याएवढं पाणी वापरतो. म्हणून हिवरे बाजारच्या ग्रामसभेने ऊस आणि केळी लावायला मनाई केली. ही गोष्ट कुठल्या जिल्ह्यात घडली ते ध्यानात घ्या. राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीचा जन्म याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी झाला. १९५० मध्ये तिथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने कारखाना सुरू झाला. भंडारदऱ्याचं पाणी असलेल्या त्या पट्ट्यात ऊस शोभतो. आमच्याकडे तो पत आणि प्रतिष्ठा देणारं पीक आहे. अशा जिल्ह्यात राहून उसाला नाही म्हणायला मन मोठं लागतं.

दुसरी बंदी शेतीसाठी बोअर घेण्याची. विहीर उथळ पाण्यावर चालते. ती आटली की सगळ्यांना कळतं आणि पाऊस आला की पुन्हा भरते. खोल बोअर कातळातल्या जुन्या भेगांतलं पाणी ओढतो. एकाने दोनशे फूट मारला की शेजारी तीनशे मारतो, आणि पैसा ज्याच्याकडे जास्त त्याच्या शेतात पाणी जास्त. हिवरे बाजारने ही शर्यत सुरूच होऊ दिली नाही. गावात ९० विहिरी होत्या, त्या वाढून २९४ झाल्या, आणि तरीही पाण्याची पातळी वर आली.

इथे एका युरोपीय देशाची आठवण येते. भूमध्य समुद्रातल्या माल्टा या बेटावर वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हिवरे बाजारपेक्षा जास्त. तरी तिथे बारमाही नदी नाही, आणि बोअरनी उपसून भूजल इतकं खारवलं की पिण्याचं निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून घ्यावं लागतं. त्यांच्याकडे समुद्र आणि पैसा दोन्ही आहेत. नगर तालुक्याकडे समुद्र नाही.

सॅन मरिनोशी हिवरे बाजारचं नातं मात्र याहून जवळचं वाटतं. चहूबाजूंनी इटलीने वेढलेला हा डोंगरावरचा देश. परंपरेप्रमाणे सन ३०१ मध्ये मरिनस नावाच्या पाथरवटाने तो वसवला. तिथे जुन्या काळी घरोघरच्या कर्त्यांची सभा देशाचा कारभार पाहत असे, तिला अरेंगो म्हणत. आजही नागरिक त्या नावाने सरकारपुढे अर्ज मांडतात. १७९७ मध्ये नेपोलियनने या देशाला जास्तीची जमीन देऊ केली, ती त्यांनी नम्रपणे नाकारली. जेवढं आहे तेवढंच नीट सांभाळायचं, हे त्या लोकांचं धोरण. हिवरे बाजारच्या ग्रामसभेचा ठरावही त्याच जातीचा आहे: गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. हा कायदा नाही, गावाने एकमेकांना दिलेला शब्द आहे. रस्त्याकडेच्या जमिनींचे भाव चढत असताना तो शब्द पाळणं किती अवघड, हे आसपासच्या कुठल्याही गावातल्या माणसाला विचारा.

या ग्रामसंसदेचे आणखीही ठराव आहेत. लग्नाआधी वधूवरांची एचआयव्ही तपासणी झालीच पाहिजे. गावात एकच मुस्लिम कुटुंब, त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधली. आणि दारिद्र्यरेषा गावाने स्वतःच आखली: दोन वेळचं जेवण, मुलांचं शिक्षण आणि औषधपाणी ज्याला परवडत नाही, तो गरीब. १९९५ च्या पाहणीत १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८ मध्ये ती ५३ उरली, आणि पुढे गावाच्या स्वतःच्या मोजपट्टीवर अवघी तीन. बाहेर गेलेली कितीतरी कुटुंबं परतली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली.

एक फरक मनात राहतो. सॅन मरिनोत राष्ट्रप्रमुख दोन असतात आणि दर सहा महिन्यांनी बदलतात. हिवरे बाजारचं नेतृत्व तीन दशकं एकाच माणसाभोवती राहिलं. २०२१ च्या जानेवारीत तीस वर्षांनी प्रथमच तिथे ग्रामपंचायतीसाठी प्रत्यक्ष मतदान झालं, आणि पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. लोकांनी मत देऊन पुन्हा तीच वाट निवडली, हे मला बिनविरोध निवडीपेक्षा मोलाचं वाटतं. आता खरी परीक्षा आहे ती ज्यांनी टँकर पाहिलाच नाही अशा मुलांची. त्यांना ऊस लावावासा वाटेल तेव्हा हा ताळेबंद त्यांच्या हातात असायला हवा.

वाचकहो, हे गणित तुमच्या गावालाही लागू आहे. गावाचं एकूण क्षेत्र तलाठ्याकडे मिळतं. मंडळातल्या पावसाची नोंद तहसील कार्यालयात असते. हेक्टर गुणिले मिलिमीटर गुणिले दहा हजार, एवढा एक गुणाकार करा. येणारा आकडा कागदावर लिहा आणि येत्या ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखवा.