माळ्यावर जागा, ओट्यावर गर्दी

‘मेमरी फुल्ल झालीय, लॅपटॉप सारखा हँग होतो.’ ठाण्यापासून कल्याणपर्यंत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हे वाक्य कानावर पडतं. ‘कुठली मेमरी? रॅम की डिस्क?’ असं दुकानदाराने विचारलं की गिऱ्हाईक गप्प.

घोळ शब्दातच आहे. डोंबिवलीतलं वन रूम किचन डोळ्यांसमोर आणा. हाताशी ओटा, डोक्यावर माळा. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, जुन्या फायली जिथे कायम पडून असतात ती डिस्क म्हणजे माळा. आत्ता ज्यावर काम चाललंय ते ओट्यावर, म्हणजे रॅममध्ये. वीज गेली की ओटा रिकामा. माळ्यावरचं जिथल्या तिथे. ओटा भरला की यंत्र काही सामान माळ्यावर चढवतं, लागलं की पुन्हा उतरवतं, आणि लॅपटॉप रखडतो तो या चढउतारात. अशा वेळी पाचशे फोटो पुसून काय होणार?

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत हलणारं काहीच नसतं. म्हणूनच एसएसडी बसवली की जुना लॅपटॉपही तरतरीत होतो.

खोक्यावर 512 जीबी आणि विंडोजमध्ये 476! ही चोरी नव्हे. कंपनी 100 कोटी बाइटना एक जीबी म्हणते. विंडोज 107,37,41,824 बाइटना.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये टिफरॅक हा संगणक सुरू झाला. त्याच्या मेमरीत प्रत्येकी 40 बिटांचे 2,048 शब्द मावत, म्हणजे जेमतेम 10 केबी. आजच्या 8 जीबी रॅमच्या पट्टीत त्याच्या आठ लाखपटींहून अधिक मावतं. गंमत अशी, की त्याची मेमरी चुंबकी कड्यांची होती आणि तसल्या कड्या वीज गेली तरी विसरत नाहीत. ओटा तोच, पण न पुसला जाणारा!

रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोड गाठणार असाल, तर जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या प्रकारांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली असते.

त्याआधी घरीच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. नेहमीचं काम चालू असताना उघडलेल्या खिडकीतला मेमरीपुढचा आकडा सतत 90 टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅमचे पैसे वाया जाणार नाहीत.